इंजिनाची डावी बाजू

हुकूम आला तो सोमवारी, बावीस ऑक्टोबरला. साल छप्पन. मध्यभारत राज्याचं आयुष्य नऊ दिवस उरलं होतं आणि आमच्या नोकऱ्यांचं पुढे काय होणार, हे उज्जैनच्या शिक्षण कार्यालयात कुणालाच सांगता येत नव्हतं. मी कन्याशाळांची सहायक निरीक्षिका होते. वय एकतीस, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारणंही आता लोकांनी सोडून दिलं होतं.

हुकुमात लिहिलं होतं की, एक नोव्हेंबरला सकाळी नव्या राज्याच्या राजधानीत, भोपाळला हजर व्हावे. खेड्यांतल्या शाळांच्या दौऱ्यासाठी ज्या निरीक्षिकांकडे स्वतःचे वाहन आहे त्यांचा आधी विचार होईल. वाहन सोबत आणून दाखवावे.

वाहन आमच्याकडे होतं. म्हणजे नानांकडे होतं.

माझे वडील विष्णुपंत बिवलकर ग्वाल्हेर संस्थानच्या रस्तेखात्यात ओव्हरसियर होते. संस्थान गेलं, मध्यभारत झालं, तेव्हा त्याच खुर्चीवर बसून त्यांनी नव्या राज्याची चार वर्षं नोकरी केली आणि मग निवृत्त झाले. गाडी एकोणचाळीस साली घेतलेली. काळी, विलायती, बॉनेट दोन्ही बाजूंनी पंखांसारखं वर उघडणारी. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. फ्रीगंजच्या रुंद रस्त्यांवर, भल्या सकाळी, लोक दात घासत ओट्यावर उभे राहून बघत असायचे.

मी हुकूम वाचून दाखवला. नाना म्हणाले, "ने गाडी. पण इंजिन साफ झाल्याशिवाय ती फाटकाबाहेर जाणार नाही."

"नाना, मला शाळा दाखवायच्या आहेत, इंजिन नाही."

"इंजिनावर एवढा चिखल आणि तेल बसलंय की कुठून काय गळतंय ते दिसत नाही. भोपाळचा रस्ता सव्वाशे मैलांचा. मध्येच उभी राहिली तर कोण येणार आहे?"

"मग गुलाब मिस्त्रीला बोलावते. तो करेल."

"गुलाब नको," नाना चटकन म्हणाले. "घरी करायचं. मी सांगतो तसं. रविवारी."

त्यांचा उजवा हात नेहमीप्रमाणे कोटाच्या खिशात होता. गेल्या वर्षभरापासून तो हात थरथरायचा. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं आणि घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही, असा एक अलिखित कायदा झाला होता. माई, माझी आई, ताटात भाजी वाढताना वाटी जरा अर्धीच भरायची. सहीची कागदपत्रं ते खोलीत एकटे बसून करायचे. डॉक्टरचं नाव काढलं की जेवणावरून उठायचे. गाडी मात्र अजून चालवायचे, आणि मी शेजारी बसायचे.

रविवारपर्यंत थांबायला मला सवड नव्हती. ऑफिसात रोज नवी झंझट. मला कामाचा चार्ज द्यायचा होता, पण घेणार कोण ते ठरलं नव्हतं. जुन्या राज्याच्या शिक्क्याने यादी केली तर एक तारखेनंतर ती चालेल का, हे बडे बाबूंना कळेना. नवा शिक्का आलेला नव्हता. "बाईसाहेब, आप ही बताइए, मैं किस राज्य का बाबू हूँ?" असं ते मलाच विचारत. मंगळवारी मी तीन तास एका सहीसाठी बसले आणि सही न घेता दुपारी घरी आले, डोकं नुसतं तापलेलं.

नाना पोस्टात गेले होते. गाडी मीच चालवत आणली होती, ती पोर्चपुढे उभी होती. मला वाटलं, रविवार कशाला? काय असतं त्यात? धूळ आणि तेल. मी पदर खोचला, बॉनेटचे दोन्ही पंख वर केले आणि नळाखालच्या दोन बादल्या एकापाठोपाठ एक ओतल्या.

फुस्स करून एवढी वाफ उठली की मी मागे सरताना पायरीवर आपटले. स्वयंपाकघरातून माई धावत आली. "अगं बाई, काय करून राहिलीस!" वाफ ओसरली तेव्हा इंजिन होतं तसंच काळं होतं. फक्त आता ते ओलं होतं, आणि चिखलाचे ओघळ खालच्या फरशीवर येऊन माईच्या रांगोळीच्या जागेत पसरले होते.

तेवढ्यात नाना फाटकातून आत आले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बादलीकडे पाहिलं, इंजिनाला दुरून तळहात दाखवला, चटका बसावा तसा मागे घेतला आणि म्हणाले, "तापलेल्या बिडाच्या लोखंडावर थंड पाणी. तडकलं असतं तर गाडी भंगारात."

"तडकलं नाही ना?"

"चालू करून बघ."

चालू झाली नाही. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. मी हँडल घातलं, खांदा निखळेपर्यंत फिरवलं. एकदा एक ठसका आला, पुढे काही नाही. नाना पायरीवर उभे राहून बघत होते. मला वाटलं होतं ते काहीतरी सांगतील. ते आत गेले.

बुधवारी टांग्याने ऑफिस, गुरुवारी टांग्याने ऑफिस. गुरुवारी संध्याकाळी नानांना न विचारता मी देवास गेटला जाऊन गुलाब मिस्त्रीला घेऊन आले. बसअड्ड्याच्या मागे त्याचं दुकान होतं, आणि अर्ध्या माळव्याच्या बसगाड्या त्याच्या हातून गेलेल्या. त्याने एक डबीसारखं काळं झाकण उघडून मला दाखवलं. आत पाण्याचे थेंब मोत्यांसारखे चमकत होते.

"यो देखो बाईसाब. इसमें से हर प्लग को आग जाती है. इसमें पाणी, तो आग कहाँ से जाएगी?" त्याने कोरड्या फडक्याने ते पुसलं, फुंकलं, तारा पुसल्या. "इंजन कोई भैंस नहीं है कि बाल्टी डाल दी."

गाडी सुरू झाली. तो डाव्या बाजूला वाकून काहीतरी बघू लागला तेव्हा नाना बाहेर आले आणि म्हणाले, "बस गुलाब, हो गया. बाकी हम देख लेंगे." गुलाबने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि गेला. मला नानांचा राग आला. फुकटचा अहंकार, असं वाटलं. सहा दिवसांत मला भोपाळ गाठायचंय आणि हे मिस्त्रीला हात लावू देत नाहीत.

रविवार उजाडला. गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी होती, इंजिन गार. नानांनी वेताची खुर्ची पोर्चमध्ये मांडायला लावली आणि गाडी झाडाखालून काढून मोकळ्या आवारात ढकलायला लावली. ढकलणारी मीच.

"आधी बॅटरीची तार काढ."

काढली.

"दोन्ही काढ. आणि बाजूला दाबून ठेव, परत टेकता कामा नये."

"नाना, इंजिन बंद आहे."

"बॅटरी बंद नसते. ओला पाना चुकून टेकला तर ठिणगी पडेल. काढ."

मग झाकायचं काम. ज्या डबीत पाणी गेलं होतं तिच्यावर त्यांनी माईचं मेणकापड बांधायला लावलं, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. कार्बोरेटरच्या तोंडाला तसंच. डायनामोला तसंच. एक गाठ सैल वाटली तर खुर्चीतून, "ती परत बांध." मी परत बांधली. साडेसात वाजून गेले आणि अजून धुळीला हात लागला नव्हता.

"आता पाणी?"

"पाणी कुठलं! आधी कोरडं झाड."

मी कुंचल्याने झाडायला लागले. बडनगरच्या रस्त्यावरची काळी माती, कडुनिंबाची पानं, चिंचेचे चिंचोके, आणि एका कोपऱ्यात उंदराने नानांच्या जुन्या मफलरच्या लोकरीचं केलेलं घरटं. ते बघून माई हसली. नाना हसले नाहीत. मी शिंकून शिंकून बेजार झाले. ब्लाउजच्या बाह्या, भुवया, नाक, सगळीकडे ती माती.

मग माईने रिठे आणि धुण्याचा सोडा उकळून आणला. नानांनी त्यात गार पाणी घालून तो कोमट करायला लावला. फडकं बुडवायचं, पिळायचं, पुसायचं; ओतायचं नाही. जिथे तेल दगडासारखं वाळलं होतं तिथे घासलेटचा बोळा, तोही जरासाच, वाटीत घेऊन. "रबरी पट्ट्याला घासलेट लावू नको, फुगतो. नळ्यांनाही नाही. पुसलेला बोळा त्या पत्र्याच्या डब्यात टाक, गवतात नको."

एवढ्यात माई शेगडी उचलून बाहेर यायला लागली. म्हणाली, "अहो, इथेच चहा करते, सगळे बाहेरच आहात तर."

नाना खुर्चीतून उठलेच. "तिथेच थांब! घासलेट उघडं आहे इथे. आत ने ती शेगडी, आत!"

माई दारात दचकून उभी राहिली. शेगडीतला एक निखारा फरशीवर पडला. तिने तो चिमट्याने उचलला आणि आत गेली. नानांचा हात खिशातून बाहेर आलेला होता आणि खुर्चीच्या पाठीवर धडधड वाजत होता. माझं लक्ष गेलंय असं दिसताच त्यांनी तो परत खिशात घातला.

दहा वाजेपर्यंत उजवी बाजू उजळली. खरंच उजळली. काळ्या थराखाली हिरवट रंग होता, तो मी कधी पाहिलाच नव्हता. वरच्या झाकणाच्या कडेने तेलाची एक ओली रेघ दिसली, आणि नानांनी मान हलवली. "ते बघ, पॅकिंग गेलंय. तेल तिथून गळतंय. कॉर्कचं नवं लागेल. म्हणून म्हणतो, साफ केल्याशिवाय दिसत नाही."

मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. मी फडकं पिळून डाव्या बाजूला वळले.

"ती बाजू राहू दे," नाना म्हणाले.

"का?"

"ती ठीक आहे. एवढं पुरे झालं."

"सकाळपासून एक गाठ सैल चालत नव्हती तुम्हाला, आणि आता अर्धं इंजिन राहू दे?"

"मी सांगतो ना, राहू दे. ती मी बघतो. जा, अंघोळ कर, जेव."

मी जेवायला गेले नाही. नाना पूजेला आत गेले तेव्हा मी डावीकडून वाकले. तिथे चिखल जाड होता, कुणी मुद्दाम थापल्यासारखा. कुंचल्याने निघेना म्हणून मी लाकडी चमच्याने खरवडला. खाली पेट्रोलची तांब्याची नळी होती, बोटाएवढी, पंपाकडून वर जाणारी. जिथे ती पंपाला जोडते तिथे काहीतरी पिवळट, मऊ लागलं. मी नखाने उकरलं आणि वास घेतला.

साबण. कपडे धुवायचा साबण. त्यावर माईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीवर काळा दोरा, वीस-पंचवीस वेढे, वेडेवाकडे. मी चिंधी जरा हलवली तर बोटाला गार लागलं. पेट्रोल झिरपत होतं. आणि त्या जागेपासून दीड वितीवर, खाली, सायलेन्सरचा जाड नळ होता. गाडी चालली की तो तव्यासारखा तापतो.

मी दोरा तोडून चिंधी काढून घेतली. आवारात दोन हातांवर घासलेटची वाटी होती. मला शेगडी आठवली.

नाना पूजा आटोपून बाहेर आले. माझ्या हातातली चिंधी त्यांनी पाहिली.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

ते खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"नाना, हे कधीपासून आहे?"

"चैत्रापासून."

"चैत्रापासून! आपण महिदपूरला गेलो. माईला घेऊन आपण दोनदा इंदूरला गेलो. मागच्या सीटवर अक्काआत्याची नातवंडं होती. पेट्रोल गळतंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"साबणाने धरलं होतं. बसवाले सगळे तसंच करतात. थोडे दिवस चालतं."

"सहा महिने?"

"हळू बोल. माई ऐकेल."

"ऐकू दे तिला! तिच्याच लुगड्याची चिंधी आहे. मला एकदा सांगता आलं नाही तुम्हाला? गुलाबला सांगता आलं नाही? परवा तो इथे वाकला होता, तुम्ही त्याला हाकलून दिलं!"

नाना खुर्चीत बसले. मग कुणा दुसऱ्याचं सांगावं तसे सांगू लागले.

"बडनगरच्या रस्त्याला नळी ढिली झाली. मी एकटाच होतो. नट काढून परत बसवायला गेलो. तो आट्यावर बसेना. हात... पाना धरला की हात नाचायचा. मी जोर लावला, नट वाकडा चढला, आटे कापले गेले. मग साबण लावला. घरी येऊन नीट करू म्हटलं. घरी आल्यावर पण बसेना. चार वेळा केलं, पाच वेळा केलं. तू ऑफिसात गेलीस की करायचो."

"मग गुलाबला—"

"काय सांगू गुलाबला?" त्यांचा आवाज चढला. "तीस वर्षं मी माणसांना कामं शिकवली. त्या गुलाबच्या बापाला रोलर चालवायला मी शिकवलंय. त्याला सांगू की विष्णुपंत बिवलकरला एक नट बसवता येत नाही?"

त्यांनी डाव्या हाताने कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर धरली. आत तांब्याची नवी नळी होती, वेटोळं केलेली, आणि दोन नवे पितळी नट.

"तुझा हुकूम आला त्याच दिवशी आणली. म्हटलं, साफसफाईच्या निमित्ताने इंजिन उघडं राहील, तू ऑफिसात असताना बदलून टाकीन. ही अशी गाडी तुला देणार नव्हतो मी. रोज सकाळी बघत होतो. नाही होत."

म्हणजे बुधवारी, गुरुवारी मी टांग्यात धक्के खात त्यांना शिव्या देत होते तेव्हा ते एकटे या बॉनेटखाली वाकून होते. हे मला कळलं, पण राग गेला नाही. उलट वाढला. इतक्या साध्या गोष्टीपायी! एका वाक्याचं काम होतं. मी चिंधी फरशीवर फेकली.

"द्या ती पुडी इकडे."

"तुला यायचं नाही."

"मग सांगा. सकाळपासून सांगताच आहात."

त्यांनी पुडी दिली.

जुना नट काढायलाच अर्धा तास गेला. गळणारं पेट्रोल चहाच्या कपात धरलं, घासलेट आणि ओले बोळे आवाराच्या पार टोकाला नेऊन ठेवले, माईला चूल विझवायला सांगितली. ती काही न विचारता विझवून आली आणि दारात उभी राहिली. तिने चिंधी ओळखली होती.

नवा नट मी लावला आणि पाना फिरवला. अडकला. जोर लावणार तेवढ्यात नाना ओरडले, "थांब! हेच केलं मी. काढ."

काढला. परत लावला. परत अडकला. घाम डोळ्यांत जात होता, हाताला सोड्याने आग होत होती, पाठ मोडली होती. तिसऱ्यांदा नट हातातून सुटला आणि खाली पडून चाकामागे गडगडला. मी पाना जमिनीवर आपटला. "मसणात जाऊ दे गाडी! मसणात जाऊ दे भोपाळ! आगगाडीने जाते मी, नाही दिली जागा तर नाही!"

माई खाली वाकून नट शोधू लागली. सापडल्यावर तिने तो पदराला पुसून माझ्या हातात दिला.

नाना खुर्चीतून उठून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "पाना नको घेऊस. बोटाने धर. आता उलटा फिरव, ढिला करतात तसा. हळू. आट्याला आटा मिळाला की कट असं लागेल. ते लागेपर्यंत उलटाच फिरव."

मी उलटा फिरवला. एक वेढा, दुसरा. मग बोटाला खरंच जाणवलं, आवाज नाही, नुसतं घरात बसल्यासारखं.

"लागलं."

"आता सुलटा. बोटानेच, जाईल तिथपर्यंत."

नट लोण्यासारखा गेला. शेवटचा अर्धा वेढा मी पान्याने घट्ट केला. वरचं टोक पहिल्याच वेळी बसलं. नाना वाकून बघत होते. त्यांचा उजवा हात माझ्या खांद्याजवळ, गाडीच्या कडेवर होता आणि पत्रा त्या हाताखाली बारीक बारीक वाजत होता. या वेळी त्यांनी तो मागे घेतला नाही.

उरलेली डावी बाजू पुसली, सगळं कोरड्या फडक्याने टिपलं, सांदीत सायकलच्या पंपाने हवा मारली आणि दुपारभर बॉनेट उघडं ठेवून उन्हात सुकू दिलं. पेट्रोलचा वास पार गेल्याची नानांनी स्वतः तीनदा खात्री केली. चार वाजता मेणकापडं सोडली, तारा जोडल्या. बॉनेट उघडंच ठेवून मी स्टार्टर दाबला. गाडी सुरू झाली. आम्ही तिघं डाव्या बाजूला वाकून पांढरा रुमाल नळीवर फिरवून बघत होतो. रुमाल कोरडा राहिला.

सोमवारी गुलाब आला आणि नानांसमोरच त्याने कॉर्कचं पॅकिंग कापून बसवलं. मी त्याला नळी दाखवली. तो बघून म्हणाला, "किसने बिठाई? अच्छी बिठाई." नाना म्हणाले, "बाईसाहेब ने. मेरे हाथ से तो नहीं हुई." गुलाब "ठीक है मालिक," म्हणून कामाला लागला. तेवढंच.

मंगळवारी दुपारी तार आली. दिवाळीमुळे हजर होण्याची तारीख बारा नोव्हेंबर केली होती. वाहनाबद्दलचा निर्णय मागाहून कळवला जाईल. मी ती तार दोनदा वाचली आणि हसावं की डोकं फोडून घ्यावं कळेना. हाताची कातडी सोलवटली होती, नखांतलं काळं दिवाळीपर्यंत जाणार नव्हतं, आणि घाई कुठेच नव्हती. पुढे बारा तारखेला मी गाडी घेऊन भोपाळला गेले. तिथे अकरा दिवस एका ओसरीत बाकावर बसून राहिले, आणि वाहन कुणी बघितलंसुद्धा नाही. शेवटी नेमणूक मिळाली ती शाजापूरला, घरापासून चाळीस-बेचाळीस मैलांवर. एवढ्यासाठी भोपाळ दाखवायची गरज नव्हती. पण सरकार नवं होतं, त्याला स्वतःलाच अजून काही ठाऊक नव्हतं.

त्या मंगळवारी मात्र मी तार घडी करून ठेवली आणि नानांना म्हटलं, "उद्या इंदूरला जायचं. मोठ्या दवाखान्यात. गाडी मी चालवणार."

मला वाटलं ते उठून जातील. ते म्हणाले, "किती वाजता?"

बुधवारी, एकतीस तारखेला आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी त्यांना बोटं जुळवायला लावली, रेघ ओढायला लावली, खोलीत चालायला लावलं. मग मला बाजूला बोलावून सांगायला लागले तेव्हा नाना खुर्चीतून म्हणाले, "माझ्यासमोर बोला." डॉक्टर बोलले. हा कंपवात आहे. वाढत जाईल, हळूहळू. गोळ्यांनी थोडा आराम पडेल, बरा होणार नाही. गाडी चालवणं आजपासून बंद.

परत येताना नाना शेजारच्या सीटवर बसले होते. त्या बाजूला बसायची त्यांना सवय नव्हती. ब्रेकच्या जागी त्यांचा पाय सारखा फरशीवर दाबला जायचा. मला डॉक्टरचा राग येत होता, नानांचा, त्या फुकट गेलेल्या वर्षाचा. आधी गेलो असतो तर काय झालं असतं? काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तरीही.

सांवेरला एका सरकारी कचेरीबाहेर शिडी लावून एक पेंटर पाटीवरचं 'मध्यभारत' पांढऱ्या रंगाने पुसत होता. नानांनी मान वळवून शेवटपर्यंत ते पाहिलं.

"चहा घेऊ," ते म्हणाले.

रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही बाकावर बसलो. आजूबाजूला बैलगाडीवाले, एक पटवारी, चार-पाच बसचे प्रवासी. बाहेर कधी चहा घ्यायचा झाला की नाना गाडीतच मागवायचे आणि काच वर करून प्यायचे. पोऱ्याने कपबशी समोर ठेवली. मी कप उचलून त्यांना द्यायला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली. दोन्ही हातांनी कप धरला. कप बशीवर वाजला, चहा हिंदकळून निम्मा बशीत आला, थोडा धोतरावर. पटवारी बघत होता. नानांनी सावकाश कप तोंडाला लावला, पिऊन खाली ठेवला, आणि मग तसंच दोन्ही हातांनी बशी उचलली.

"साखर जास्त आहे," ते म्हणाले.

मी दुसरा मागवला.